अकरा जणांचा दम

त्या साली पोळ्यानंतर पावसाने जी पाठ फिरवली ती फिरवलीच. उमरझरीची माणसं अर्धा भादवा आभाळाकडे पाहत राहिली, आणि पितृपक्ष लागला तेव्हा वर पाहायचं सोडून खाली विहिरीत पाहू लागली. रुपरावच्या विहिरीला पाणी होतं, पण पार तळाशी गेलेलं. संत्र्याची दीडशे झाडं, फळ रंग धरायच्या बेतात, आणि बुडाशी ओल नाही. तांबडं फुटायच्या आत मोट जुंपायची आणि ऊन डोक्यावर येईस्तोवर सोडायची नाही, असा त्याचा रोजचा नेम होता. बैल धावेवरून मागे रेटायचे, मोट बुडाली की नाड्यावर, म्हणजे मोटेच्या दोरावर, बसून त्यांना उताराने हाकायचं, आणि चामड्याची मोट काठच्या थारोळ्यात रिकामी झाली की पुन्हा मागे. नाड्यावर बसून बसून त्याच्या मांड्या सोलवटल्या होत्या. खाली वाफ्यांत त्याची बायको देवकी फावडं घेऊन पाणी वळवीत असायची.

विहीर मात्र एकट्या रुपरावची नव्हती. दुपारनंतरची पाळी वामनची, त्याच्या चुलतभावाची. खरं सांगायचं तर रुपरावला उन्हाचा त्रास नव्हता, मांड्यांचा नव्हता, पावसाचाही एवढा नव्हता. त्याचा त्रास दुपारनंतर सुरू व्हायचा.

त्या दिवशी त्याची आई प्रयागबाई भाकरी घेऊन आली, तेव्हा वामन नुकताच येऊन विहिरीवरच्या कडुनिंबाखाली बसला होता. म्हातारीने फडकं सोडलं. चार भाकरी, अंबाडीची भाजी, मिरचीचा ठेचा, आणि वरच्या भाकरीवर बोराएवढा लोण्याचा गोळा. ती भाकर तिने आधी वामनच्या हातावर ठेवली.

“माय, लोणी सरलं काय?” रुपरावने नाड्यावरून उतरता उतरता विचारलं.

“होतंच एवढंसं. वामन काल नागपूरवरून पायी आला ना गा, त्याले दिलं. तू त काय, घरचाच हायेस.”

“अर्धं घे ना भाऊ,” वामन म्हणाला.

“खा तू. मले लोणी पचत नाही,” म्हणत रुपरावने कोरडी भाकर तोंडात कोंबली. लोणी त्याला उत्तम पचायचं. पचत नव्हता तो वामन.

वामनची आई त्याला जन्म देऊन आठव्या दिवशी गेली. रुपराव तेव्हा सात महिन्यांचा. प्रयागबाईने दिराचं पोर उचललं आणि एकीकडे एक, दुसरीकडे एक असं दोघांना पाजलं. गावात अजून तिचं नाव काढत. रुपरावला त्यातलं काही आठवायचं कारण नव्हतं, पण लहानपणापासून ही गोष्ट त्याने इतक्यांदा ऐकली होती, की आपल्या तोंडचं कोणी ओढून नेतंय हे त्याला आठवतंय असंच वाटे. पुढे वामन चौथी पास झाला, नागपूरच्या एका दवाखान्यात कंपाउंडर झाला, कोट घालू लागला. दीड वर्षामागे बाप मेला तेव्हा शेत पाहायला गावी परतला, तरी आठवड्यातून तीन दिवस सक्करदऱ्याच्या तलावावरून पायी नागपूर गाठायचा. परत आला की म्हातारी त्याची नजर काढायची. रुपरावची नजर काढायचं तिच्या मनातही आलं नाही, कारण तो कुठे जातच नव्हता.

फक्त रुपरावची म्हणावी अशी एकच गोष्ट होती, आणि ती त्याच्या घरात आढ्याला टांगलेली असायची. फुटबॉल.

सहा वर्षांमागे कामठीच्या छावणीत संत्री घेऊन गेला असताना गोऱ्या शिपायांनी टाकून दिलेला फुटबॉल त्याने टोपलीभर संत्र्यांवर मिळवला होता. पोरं जमली, गायरानावर बांबू रोवले गेले आणि बजरंग क्लब उभा राहिला. शाळेचे कृष्णकांत मास्तर सेक्रेटरी झाले, मालगुजार गणपतरावांनी अकरा बंड्या शिवून दिल्या. बूट कोणाकडेच नव्हते, सगळे अनवाणी खेळायचे. पण चेंडू राहिला रुपरावकडे. त्याला तेल लावायचं त्याने, वादी आवळायची त्याने, आणि दसऱ्याला नांगर-मोटेबरोबर त्याची पूजाही त्यानेच करायची.

पूजेनंतर हवा भरायची. चेंडूच्या पोटात रबराचं ब्लाडर, त्याला बोटभर नळी. पहिल्या दसऱ्याला रुपरावची छाती एकट्याने पुरेना, म्हणून अकराही जणांनी एकेक दम फुंकला, आणि दुसऱ्या दिवशी सावनेरच्या क्लबाला तीन गोलांनी लोळवलं. झालं, तीच रीत पडली. दर दसऱ्याला ब्लाडर पार रिकामं करायचं, सगळ्यांत धाकट्यापासून सुरू करून एकेकाने दम फुंकायचा आणि नळी चिमटीत दाबून पुढच्याच्या हाती द्यायची. शेवटचा दम थोरल्या रुपरावचा, आणि गाठही त्याचीच. ज्याचा दम चेंडूत, तो त्या वर्षी क्लबात.

गेल्या दसऱ्याला एका जुन्या गड्याच्या जागी वामननेही पहिल्यांदा दम फुंकला आणि सावनेरवर एकट्याने दोन गोल मारले. पोरांनी त्याला खांद्यावर घेऊन वेशीपर्यंत नाचवलं. रुपराव गोलात उभा होता. त्याने त्या दिवशी चार गोल अडवले होते, पण अडवलेल्या गोलासाठी कोणी खांदा देत नाही.

भाकर संपवून वामनने हात धुतले आणि म्हणाला, “भाऊ, नागपुरात हाल वाईट हाय. मानमोडी आली. दवाखान्यात पाय ठेवाले जागा नाही. सकाळी चालत आलेला माणूस संध्याकाळी तिरडीवर.”

“हे कोणतं दुखणं बाप्पा?” म्हातारीने विचारलं.

“सर्दीचा ताप हाय मोठीमाय, पण मान-पाठ सारी मोडून टाकते. अन् जवान माणसालेच जास्त धरते. खोकल्यातून येते, उष्ट्यातून येते.” मग तो रुपरावकडे वळला. “मी काय म्हणतो भाऊ, यंदा दसऱ्याले तोंडानं हवा नाही भरायची.”

रुपरावने हातातली भाकर खाली ठेवली.

“त काय नाकानं भरायची?”

“पंप आणतो मी. सीताबर्डीत सायकलवाल्यापाशी भेटते.”

रुपराव तसाच उठला आणि बैलांना वैरण टाकायला गेला. वैरण आधीच टाकलेली होती.

संध्याकाळी गायरानावरच्या चिंचेखाली क्लब जमला. वामनने जरा लांब उभं राहूनच सगळं सांगितलं. सावनेरचा सामना यंदा नको. मैदानावर एक माठ आणि एकच लोटा, असं चालायचं नाही, ज्याने त्याने आपला लोटा आणावा. चिलीम फिरवायची नाही. जो नागपूरला जाऊन येईल त्याने पाच दिवस मैदानावर यायचं नाही, आणि ज्याच्या अंगात कणकण असेल त्याने घराबाहेर पडायचं नाही. खुद्द वामननेही दवाखान्याला रजा कळवली होती. आणि ब्लाडरला तोंड लावायचं नाही.

पोरांनी जरा कुरकुर केली. बापूजी म्हणून एक दांडगा गडी होता, तो म्हणाला, “सावनेरवाले बांगड्या पाठवतीन गा आपल्याले.”

“पाठवू दे. जित्ता राहिला त घालून पाहाशील,” वामन म्हणाला, तशी सगळी हसली.

“वामनभाऊ सांगते त खरंच असन,” असं म्हणून पोरांनी मान डोलावली, आणि मास्तरांनी सावनेरला पत्र धाडायचं कबूल केलं. पाऊण घटकेत सगळं आटोपलं. रुपराव चिंचेच्या बुंध्याला टेकून उभा होता. त्याला कोणी विचारलंच नाही. वामन खोटं बोलतोय असं त्यालाही वाटत नव्हतं. पण हेच आपण सांगितलं असतं तर पोरं फिदीफिदी हसली असती, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि तेच त्याला खात होतं.

घरी देवकी चुलीपाशी होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बरोबरच सांगतात वामनभाऊजी. उष्टं ते उष्टंच.”

“तुले बी तोच शायना दिसते काय?”

“दिसाले काय झालं? खरं ते खरं. तुमच्या पोटात काहून दुखते?”

तो ताटावरून उठला. देवकीने ताट झाकून ठेवलं आणि पुन्हा बोलावलं नाही.

आठ दिवसांनी वामनने निरोप धाडून सीताबर्डीहून पंप मागवला. तो रुपरावच्याच अंगणात पोरांनी हाताळून पाहिला. वामनने नळीला नळी जोडली, पायाने पंप दाबून धरला आणि पंधरा-वीस धक्क्यांत ब्लाडर टम्म. पोरं “वा रे वा!” करू लागली. प्रयागबाई ओसरीवरून कौतुकाने पाहत होती. जे काम अकरा छात्यांचं, ते एका लोखंडी दांड्याने चुटकीसरशी केलं, आणि गाठही वामनने आपल्याच हाताने मारली. सवयीने मारली असेल, त्याच्या मनात काही नसेलही. रुपराव मात्र त्या गाठीकडे पाहत राहिला, आणि पोरं गेल्यावर त्याने ती सोडून हवा काढून टाकली.

मग तो कामाला लागला. पहाटे मोट, दुपारी गळालेली फळं वेचणं, आणि संध्याकाळी एकेकाच्या घरी बसणं. “मानमोडी गेली चुलीत,” तो सांगायचा. “वामनले क्लब आपल्या हातात घ्यायचा हाय. आज हवा, उद्या चेंडू, परवा बंड्या बी त्याच्याच घरी. अन् आपलं उष्टं त्याले चालत नाही, साहेब झाला ना तो!” हे शेवटचं मात्र पोरांना झोंबलं. उमरझरीत तोवर कोणी खोकलंही नव्हतं. दसऱ्यापर्यंत आठ जण त्याच्या बाजूने झाले. मास्तर काय, ते जिकडे गलका तिकडे. राहिला फक्त नत्थू.

नत्थू जिजाबाईचा एकुलता एक, विशीचा, क्लबात सगळ्यांत धाकटा. रुपरावनेच त्याला हाताला धरून मैदानावर आणला होता. दसऱ्याच्या दिवशी पूजा आटोपून, चेंडूला हळदकुंकू लावून रुपराव गायरानावर गेला, तर सगळे हजर आणि नत्थू नाही. दम धाकट्यापासून सुरू व्हायचा. धाकटाच नसेल तर सुरुवात कोणी करायची, असं म्हणत पोरं चुळबुळू लागली. “आणतो मी,” म्हणून रुपराव निघाला.

नत्थूच्या घराचं दार लोटलेलं होतं. जिजाबाई मालगुजारांकडे पुरणपोळ्या लाटायला गेलेली. आत भर दुपारी नत्थू घोंगडी पांघरून खाटेवर पडला होता. चार दिवसांमागे तो गवताची गाडी घेऊन नागपुरात बुधवारीच्या बाजाराला जाऊन आला होता.

“ऊठ रे. सारे वाट पाहून राहिले.”

“दादा, अंगात कणकण हाय. मले राहू दे आज.”

रुपरावने त्याच्या कपाळाला हात लावला. हात चटकला. त्याने तो लगेच मागे घेतला.

“भर उन्हाचा घोंगडीत झोपतं, म्हणून. चाल, एक दम फुकायचा अन् घरी यायचं.”

“नाही दादा. वामनभाऊनं सांगतलं हाय ना, कणकण असली त बाहेर नाही पडायचं.”

नत्थूने हे नाव घेतलं नसतं तर कदाचित रुपराव परत फिरलाही असता. कदाचित. पण नाव घेतलं गेलं.

“वामनभाऊ! तुले क्लबात कोणं आणलं? चेंडूले पाय लावाले कोणं शिकोलं? तवा कोठी होता तुहा वामनभाऊ?” त्याने घोंगडी ओढली. “तू नाही आला त आज माहं नाक कापलं जाते सगळ्यांपुढं. मंग बसजो सालभर घरात.”

नत्थू उठला. भिंतीला हात लावत दारापर्यंत आला. रुपरावने त्याच्या डोक्याला मुंडासं घट्ट बांधून दिलं, कपाळ झाकलं जाईल असं.

गायरानावर वामन पंप घेऊन पोचला होता. रुपरावने काही न बोलता ब्लाडर काढलं आणि नत्थूच्या हातात दिलं.

“भाऊ, हे काय चालवलं? ठरलं होतं ना आपलं?”

“तुहं ठरलं होतं. आमची रीत हाय.”

“पाय पडतो तुह्या. नको करू. म्या डोळ्यानं पाहून आलो तिथं…”

“काहून? भावायच्या उष्ट्याची किळस येते काय तुले?” रुपराव गोळा झालेल्या गावकऱ्यांना ऐकू जाईल असं बोलला. “माह्या मायचं दूध पेला, तवा नाही आली किळस?”

वामनचा चेहरा उतरला. त्याने एकदा सगळ्यांकडे पाहिलं. कोणी वर पाहीना. त्याने पंप हळूच खाली ठेवला.

“ज्याले फुकायचं त्यानं फुका. मी नाही फुकत,” तो म्हणाला, आणि पाठ फिरवून चालू लागला. मागून कोणीतरी शीळ घातली.

नत्थूने नळी तोंडात धरली. पहिल्यांदा त्याला ठसका आला, दुसऱ्यांदा त्याने दम फुंकला. नळी बापूजीकडे गेली, मग पुढे, मग पुढे. नवव्या माणसाच्या चिमटीतून ती रुपरावच्या हाती आली. ती ओली होती. त्याने इकडेतिकडे पाहिलं. सगळे वामनच्या पाठीकडे पाहत होते. त्याने धोतराच्या सोग्याने नळी पुसली, सोगा उलटून पुन्हा एकदा पुसली, आणि मग तोंडाला लावली.

“बजरंगबली की जय!” पोरं ओरडली. रुपरावने गाठ मारली. इतका आनंद त्याला त्या पहिल्या दसऱ्यालाही झाला नव्हता. संध्याकाळी त्याने गावभर सोनं वाटलं, प्रत्येक दारात थांबून. एक दार तेवढं सोडलं.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी नत्थू गेला. त्याच दिवशी बापूजी पडला, आणि तो दांडगा गडी तीन दिवसांत, नाकातून रक्त येऊन. मग मास्तरांचा धाकटा भाऊ. अकरातले तीन असे गेले, आणि त्यांच्या घरांतून शेजारच्या घरांत दुखणं शिरलं. घरटी एक माणूस आडवं होतं. खांद्याला चार माणसं मिळेनात, तेव्हा मालगुजारांनी रुपरावच्या बैलांची गाडी मागितली. मोटेचे बैल आता मढी ओढू लागले. रुपराव सकाळी गाडी जुंपायचा, नदीवर दोन खेपा करायचा, लाकडं फोडून द्यायचा, परत येऊन बैल धुवायचा आणि तिथेच गोठ्यात बसून राहायचा. मोट कोरडी पडून तिचं चामडं कडक झालं. संत्री झाडाखाली गळून सडत होती. त्याला स्वतःला दोन दिवस अंगदुखी झाली, तेवढंच.

वामन तोंडाला फडकं बांधून घरोघर हिंडत होता. पाणी उकळून प्या, दुखणेकऱ्याजवळ गर्दी करू नका, खिडकी उघडा. काही घरं त्याला आत घ्यायची, काही दारं लावून घ्यायची.

मग प्रयागबाईला ताप भरला. देवकीने तोंडावर पदर बांधला आणि तिच्या उशाशी बसली. दुसऱ्या दिवशी वामन न बोलावता आला. रुपराव दारात उभा होता. वामनने त्याच्याकडे पाहिलं नाही, अडखळलाही नाही, सरळ आत गेला. म्हातारीला टेकवून बसवलं आणि तांदळाची पेज चमच्या-चमच्याने पाजू लागला. रुपरावने सकाळी पाजायचा यत्न केला तेव्हा सगळी गालावरून ओघळली होती. वामनच्या हातून ती गिळत होती. रुपराव ते पाहत उभा राहिला. आई वाचावी असं त्याला वाटत होतं, जिवापाड वाटत होतं. आणि तिने त्या हातून गिळू नये असंही वाटत होतं. या दोन्ही गोष्टी त्याच्या मनात एकाच वेळी होत्या, आणि त्याची त्याला लाज वाटली.

तापात ती बरळू लागली. “वामन्याले आधी घेते वं,” ती कोणा मेलेल्या शेजारणीला सांगत होती. “रुप्या रडन. रडू दे. तो थांबते. त्याले माय हाय ना, त्याले थांबता येते. याले कोण हाय?”

वामनचा चमचा हातात तसाच राहिला. रुपराव अंगणात गेला आणि गोठ्याच्या कुडाला तोंड लावून पोटभर रडला. रडून राग गेला असं म्हणावं, तर तसंही झालं नाही.

आठव्या दिवशी म्हातारीचा ताप उतरला. साथही ओसरत आली. आणि जरा उसंत मिळाली, तसं गाव कारण शोधू लागलं. कारण मिळायला वेळ लागला नाही. अकरा दमांचा चेंडू दहावर राहिला. बजरंगाच्या नावाची रीत ऐन दसऱ्याला मोडली, देवाचा कोप झाला. रीत मोडली कोणी? वामनने. त्याने दम दिला नाही, म्हणून पोरांचा दम गेला. हे कोण आधी बोललं ठाऊक नाही. रुपरावने हे उठवलं नव्हतं. पण त्याच्या कानावर आलं तेव्हा त्याने ते खोडलंही नाही.

दिवाळीच्या चार दिवस आधी मालगुजार गणपतरावांनी चावडीवर गाव जमवलं. दिवाळी कसली, निम्म्या घरांवर सुतक होतं. बायाही आल्या होत्या, भिंतीकडेने बसल्या होत्या. त्यांत जिजाबाई होती. दहा-बारा दिवसांत तिचे केस पिंजारून पांढरे दिसू लागले होते.

“वामन,” गणपतराव म्हणाले, “गावाचं म्हणणं तुले माहीत हाय. लोक तुले गावात ठेवाले तयार नाहीत. शेत भावकीत राहीन, विहिरीची पाळी बी. तू नागपूरले राह्य. काय म्हणता गा सारे?”

सगळे हं-हं करू लागले. गणपतराव रुपरावकडे वळले. “तुह्या भावकीचा माणूस हाय. तू सांग काही.”

रुपराव खांबाला टेकून बसला होता. सगळी विहीर. सगळा चेंडू. घरी लोण्याची भाकर एकट्याची. इतकी वर्षं मनात घोळवलेलं सगळं ताटात वाढून समोर आलं होतं, आणि त्यासाठी त्याला काही करायचंही नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं. तो गप्प राहिला.

तेवढ्यात वामन उठला. तो वाळला होता, डोळे खोल गेले होते.

“गावाचं खरं हाय,” तो म्हणाला. “गुन्हा माहाच हाय. दमाचा नाही. मले माहीत होतं काय होणार ते. ते ब्लाडर हिसकून फाडून फेकाले पाहिजे होतं. पण मले राग आला, अन् मी तोंड फिरवून घरी जाऊन पडलो. नत्थूकडं पाह्यलं बी नाही. पाह्यलं असतं त कळलं असतं.” तो भिंतीकडे वळून वाकला. “जिजाकाकू, तुहा नत्थू माह्यानं गेला. मी जातो गाव सोडून. कोणावर राग नाही माहा.”

बायांतून हुंदका आला. कोणी म्हातारा पुटपुटला, “पोरगं मोठ्या मनाचं हाय बाप्पा.” गणपतरावांनी खाकरून मान खाली घातली. ज्यांनी त्याला हाकलायला हं-हं केलं होतं, तेच आता डोळे पुसत होते. देवकीही पुसत होती.

रुपरावने ते पाहिलं. गावाबाहेर निघाला होता, तरी सगळ्यांची मनं घेऊन निघाला होता. जाता जाता आणखी एक गोष्ट उचलून नेत होता, आणि ती तर खास रुपरावची होती.

“खोटं बोलते तो!” तो ओरडला आणि उभा राहिला.

सगळे त्याच्याकडे पाहू लागले. वामन हळूच म्हणाला, “भाऊ, बस. राहू दे.”

“काहून राहू देऊ? नत्थूले म्या उठोलं खाटेवरून. तापानं फणफणला होता तो. ह्या हाताले चटका बसला माह्या. तरी नेलं. कपाळ दिसू नाही म्हणून मुंडासं बांधलं. अन् नळी माह्याजवळ आली, त म्या पुसली. दोनदा पुसली. मले सारं कळत होतं.” त्याचा आवाज फाटला. तो वामनच्या अंगावर धावून गेला आणि त्याच्या कोटाची बाही धरली. “मायचं दूध घेतलं. लोणी घेतलं. गाव घेतलं. आता माह्या हातचं पाप बी तूच घेतं काय? हे माहं हाय. हे नाही देत मी तुले!”

वामनने बाही सोडवून घेतली नाही. चावडीवर कोणी हललं नाही. भिंतीकडची जिजाबाई तेवढी उठली. पदर सावरत, माणसांमधून वाट काढत ती रुपरावच्या समोर येऊन उभी राहिली. ती त्याला मारेल असं सगळ्यांना वाटलं. त्यालाही वाटलं, आणि त्याने डोळे मिटून घेतले.

“रुपराव,” तिने अगदी हळू विचारलं, “माह्या पोरानं नाही म्हटलं नव्हतं काय गा तुले?”

“म्हटलं होतं काकू,” तो म्हणाला. “दोनदा.”